अडखळणारा हात

ईश्वरी लोखंडेची जागतिक आरोग्य फेलोशिपवर निवड झाली, तेव्हा बार्शीतल्या तिच्या गल्लीने 'जागतिक' या शब्दाचा एकच अर्थ लावला : पोरगी परदेशी चालली. लोखंडे गुरुजींनी पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी स्वेटर विणून दिला, आत्याने दुसरा दिला आणि गुरुजींच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून चाकांची भलीमोठी बॅग भेट दिली. सत्काराला आलेल्या एका वक्त्याने तर भाषणाच्या ओघात तिला थेट जिनिव्हाला पोहोचवून टाकलं. ईश्वरी व्यासपीठावर मान खाली घालून बसली होती. लोकांना तो विनय वाटला. खरं कारण असं, की नेमणुकीची जागा तिला त्याच दुपारी कळली होती आणि ती सांगायची हिंमत होत नव्हती. जागा होती नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात, धरणाने अडलेल्या नर्मदेच्या फुगवट्यावर फिरणारा बोट-दवाखाना.

"नंदुरबार?" घरी आल्यावर गुरुजी म्हणाले. "अगं, मग यात जागतिक ते काय?"

"हात, बाबा," ईश्वरी म्हणाली. "हात परदेशातून येणार आहे."

गुरुजींना काही उमगलं नाही. पुढचे कित्येक महिने कुणी विचारलं की ते "ती बाहेर असते" एवढंच सांगत. ते खोटं नव्हतं, आणि ऐकणारे आपल्या मनाने तिला विमानात बसवत, त्याला गुरुजी तरी काय करणार?

*

हातांची गोष्ट अशी होती. जगात जिथे बाळंतपणं सगळ्यांत जास्त, तिथे जाणते हात सगळ्यांत कमी, हे दुखणं जुनंच. पूर्वी यावर श्रीमंत देशांतले तज्ज्ञ चार दिवस येऊन शिकवून जात. या फेलोशिपवाल्यांनी ती उतरंड उलटी मांडली. त्यांनी विचारलं, अवघड बाळंतपणं सगळ्यांत जास्त कुणी केली आहेत? उत्तर आलं : मलावीतल्या, नेपाळातल्या, बोलिव्हियातल्या निवृत्त नर्सबायांनी, ज्यांनी वीज नसताना, डॉक्टर नसताना उभी हयात लेबर रूममध्ये काढली. मग त्या बायांचे हात जगभर न्यायचे कसे, तर 'स्पर्शजोड' या यंत्रातून. आणि ते हात अंगावर घालायला हवे होते तरुण पदवीधर. नर्सिंग झालेले, डॉक्टरी झालेले, सार्वजनिक आरोग्याचं पुढचं शिक्षण घेणारे. ईश्वरी बीएस्सी नर्सिंग करून पुण्यात एमपीएच करत होती. तिने अर्ज केला आणि तिच्या वाट्याला मलावीचा हात आला.

यंत्र दिसायला अगदीच साधं. कोपरापर्यंत येणारे दोन पातळ हातमोजे. आतून तांदळाच्या दाण्याएवढ्या हवेच्या उशा शिवलेल्या, बोटांवरून बारीक तारा नेलेल्या. तिकडे मलावीत तसेच मोजे घातलेली बाई एका रबरी गादीवर हात फिरवी, आणि तिची बोटं हलतील तशी इकडे ईश्वरीची बोटं रुग्णाच्या पोटावर हलत. पोट कुठे मऊ, कुठे घट्ट, हे मोजे मोजत आणि उपग्रहावरून तिकडे कळवत. मग ती रबरी गादीही तिथे तिथे मऊ नि घट्ट होई.

अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. निरोप प्रकाशाच्या वेगाने गेला तरी इतक्या लांब जायला-यायला त्याला क्षणाचा छोटासा तुकडा लागतोच. डोळ्यांना, कानांना तो खपतो. बोटं मात्र चोखंदळ. लाकूड आपल्याला कठीण लागतं ते त्याने दाबल्या दाबल्या उलट रेटा दिला म्हणून. तो रेटा जरा उशिरा आला की लाकडाचीही जेली होते. म्हणून यंत्र एक युक्ती करी. खऱ्या पोटाचे निरोप येत राहतील तोवर ते तिकडच्या गादीत अंदाजाने एक 'प्रतिपोट' उभं करी आणि आलेल्या निरोपांनी ते दुरुस्त करत जाई. जिथे निरोप अपुरा, तिथे हजारो पोटांच्या सरासरीवरून भर घाली. ही भर चुकू नये म्हणून ईश्वरीच्या मनगटावर एक पट्टा होता. तिचे स्नायू जरा जरी आखडले, हात नेतोय तिथे जायला कचरला, तर पट्टा ते ओळखी. तिकडच्या बाईला मनगटावर हलकासा हिसका बसे आणि प्रतिपोटाला सांगितलं जाई की इथे तुझा अंदाज बाजूला ठेव, पुन्हा मोज. यंत्र बनवणारे याला 'अडखळ' म्हणत. सगळ्या यंत्रात हीच एक गोष्ट माणसाची होती.

*

मलावीच्या बाईंचं नाव एस्नात न्यिरोंगो. त्या देशात मोठ्या बाईला आदराने 'माई' म्हणतात हे कळल्यावर ईश्वरीला फार बरं वाटलं, कारण इतक्या मोठ्या बाईला नुसत्या आडनावाने हाक मारायची तिला चोरी झाली असती. माईंचे गुडघे गेले होते. जिल्हा रुग्णालयातून निवृत्त होऊन त्या सरोवराकाठी लेकीच्या घराच्या पडवीत बसत. दोघी इंग्रजीत बोलत, माई अगदी सावकाश.

"तुझे हात गार आहेत," पहिल्या दिवशी पहिलं वाक्य माई हेच बोलल्या. "इतक्या लांबून मला कळतंय, तर त्या बिचारीला किती कळत असेल! आधी चोळ."

ईश्वरीने हात चोळले. बोटीतल्या वळवी सिस्टर तोंडाला पदर लावून हसल्या. त्या याच डोंगरातल्या. आठवड्याचे सहा दिवस बोटीवर, सातव्या दिवशी शेतात.

त्यानंतर दोघींचं जे जमलं ते पाहण्यासारखं होतं. काठावरच्या पाड्यांतून बाया उतरून येत, बोटीतल्या अरुंद खाटेवर झोपत, आणि माईंचा हात ईश्वरीच्या हाताने पोट चाचपू लागे. बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे, पाणी किती. एकदा तर आडवं बसलेलं बाळ माईंनी बाहेरूनच हळूहळू फिरवून त्याचं डोकं खाली आणलं. ईश्वरीच्या तळहाताखालून ते एखाद्या झोपाळू मांजरासारखं सरकलं, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकला की माई म्हणत, "तुमचंही तळं आहे तर!" मग आपल्या सरोवरातल्या माशांची नावं सांगत.

हात पूर्ण सैल सोडायचा, हे ईश्वरीला पहिल्या दिवसापासून जमलं. बाकीच्या फेलोंना म्हणे महिने लागले. तिचं कारण बार्शीत होतं. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवताना गुरुजी तिचा हात आपल्या हातात धरत आणि सांगत, "सैल सोड. मी नेतो तसा येऊ दे." तो येई. अक्षर मोत्यासारखं झालं. मोठं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे त्या घरात कुणाला वेगळं शिकवावं लागत नसे. माईंचा हात आला की ईश्वरी स्वतः जणू बाजूला उठून बसे.

यंत्रवाल्यांना हे फार आवडलं. दर महिन्याला फेलोंचे गुण लागत, त्यात अडखळ जितकी कमी तितके गुण जास्त. ईश्वरीची अडखळ जवळपास शून्य. ती सगळ्या देशांत पहिली होती, आणि वर्षअखेरीस पहिल्या येणाऱ्याला आपल्या गुरूपाशी जाऊन वर्षभर शिकायची संधी होती. म्हणजे मलावी. म्हणजे माई, पडवी, सरोवर. गुरुजींना हे कळलं तेव्हा त्यांचा आवाज फोनवरही ताठ झाला.

"हे बघ, आता 'बाहेर असते' म्हणायला मला चाचरावं लागणार नाही," ते म्हणाले.

माई मात्र एकदा विचित्र बोलल्या. तपासणी संपवून मोजे काढता काढता त्यांनी विचारलं, "मुली, तू असतेस का तिथे?"

"म्हणजे?"

"मला पोट लागतं. तू लागत नाहीस."

ईश्वरीला ती शाबासकी वाटली. आपल्याकडे शिष्याने विरघळून जावं यापरती शाबासकी ती कुठली? तिने आभार मानले.

*

केळीखेडी हा काठावरचा एक पाडा. पावसाळा सरून पाणी भरलेलं होतं, डोंगर अजून हिरवा होता. रमिला पावराचं पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले. सासू जुगलीबाई तिला हाताला धरून सकाळीच बोटीवर घेऊन आल्या. रमिलाची कंबर दुखत होती. वळवी सिस्टर तिच्याशी तिच्या पावरी बोलीत बोलल्या आणि म्हणाल्या, "नवव्या महिन्यात कोणाची दुखत नाही?" तेही खरंच होतं. त्यांनी तसं माईंना कळवलं.

माईंचा हात आला. डोकं खाली, पाठ डावीकडे. बाळाचे ठोके यंत्रावर टकटक वाजले, छान भरधाव. हात वरच्या अंगाला गेला, उजवीकडे सरकला. आणि तिथे ईश्वरीच्या करंगळीला नि तळहाताच्या कडेला काहीतरी लागलं. पोट तिथे घट्ट होतं. अधूनमधून ते सगळ्यांचंच होतं. गर्भपिशवी आवळते, मग सुटते. हे सुटत नव्हतं. रमिलानेही जरासा श्वास आत ओढला. पण माईंचा हात तेवढ्यात पुढे निघाला होता आणि ईश्वरीचा त्याच्यामागून गेला. करंगळीच ती. तिच्यावर पूर्ण दाब पडलाच नव्हता, आणि जिथे निरोप अपुरा तिथे यंत्राने आपली सरासरी भरली. माईंच्या गादीवर तो भाग कापसासारखा मऊ लागला असणार.

"सगळं छान," माई म्हणाल्या. त्यांच्या हातासाठी यंत्रावर आणखी दोन देशांतल्या बाया थांबल्या होत्या.

ईश्वरीने ते जुगलीबाईंना सांगितलं, सासू-सून उतरल्या, आणि नावाडी दिलवरदादाने बोट पुढच्या पाड्याकडे काढली.

ईश्वरी कठड्याला टेकून उभी राहिली. करंगळी बोलत होती. तिने तिला गप्प करून पाहिलं. चाळीसएक वर्षांचा अनुभव माईंचा. आपली करंगळी ती काय! आणि आता तपासणी पुन्हा उघडायची म्हणजे यंत्रात नोंद होणार, अडखळ चढणार, मलावीचं दार लोटलं जाणार. पण खरं सांगायचं तर गुणांनी तिचं तोंड तितकं धरलं नव्हतं जितकं लाजेने धरलं होतं. माई 'छान' म्हणाल्या आहेत. त्यावर आपण 'नाही' म्हणायचं? कोणत्या तोंडाने?

केळीखेडी डोंगराच्या वळणाआड गेली, ऊन चढलं. मग रमिलाने आत ओढलेला तो श्वास ईश्वरीला पुन्हा ऐकू आला. ती आत धावली आणि माईंना हाक दिली.

"माई, चुकत असेन तर माफ करा. सकाळच्या त्या मुलीच्या उजव्या अंगाला, वर, माझ्या करंगळीखाली घट्ट लागलं. ते सुटत नव्हतं. मी बोलले नाही."

पलीकडे माईंची खुर्ची करकरली.

"बोट फिरव," माई म्हणाल्या. "आधी फिरव. मग बोलू."

दिलवरदादाने काही विचारलं नाही. ईश्वरीचं तोंड पाहूनच त्याने सुकाणू वळवलं.

*

रमिला घराबाहेर बाजेवर कुशीवर पडली होती. तोंड पांढरं पडलेलं. जुगलीबाई तिची कंबर चोळत होत्या. वळवी सिस्टरनी नीट खोदून विचारलं तेव्हा कळलं, की आदल्या दिवशी पाणी आणताना उतारावर तिचा पाय घसरला होता आणि ती हंड्यासकट पोटावर पडली होती. सासू रागावेल म्हणून सांगितलं नव्हतं.

ईश्वरीने मोजे चढवले. हात चोळून घेतले. माईंचा हात आला, पण या वेळी तो तिच्या हातावर नुसता टेकून राहिला.

"तू पुढे जा," माई म्हणाल्या. "मी तुझ्या मागून येते. जिथे तुझं मन नको म्हणेल तिथे थांब. मला अडव. माझा हात मोडत नाही."

ईश्वरीने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाचा हात धरून नेला. उजव्या अंगाला आल्यावर ती थांबली आणि दाबून थांबली. माईंचा हात सवयीने पुढे सरकू पाहत होता, तिने सरकू दिला नाही. मनगटाचा पट्टा थरथरला. तिकडे प्रतिपोटाने आपली सरासरी सोडली, आणि माईंच्या तोंडून त्यांच्या भाषेतला एक शब्द निसटला.

"फळी आहे ही," त्या म्हणाल्या. "सकाळी मला इथे कापूस लागला होता. ठोके बघ."

ठोके सकाळसारखे धावत नव्हते. ते अडत होते, थांबून थांबून पडत होते. दोघींनाही कळलं. बाळाला रक्त पुरवणारी वार गर्भपिशवीपासून सुटू लागली होती. रक्त बाहेर एक थेंब दिसत नव्हतं, आतल्या आत साठत होतं, म्हणून ती जागा फळीसारखी झाली होती. वार सुटली की बाळाची हवा तुटते, आणि मागोमाग आईही जाते. इथे कळांची वाट पाहायला वेळच नव्हता. सिझर हवं होतं, रक्त हवं होतं.

"आजी, रमिलाला आत्ता तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचंय," ईश्वरी म्हणाली.

जुगलीबाई उठून उभ्या राहिल्या. हात कमरेवर. "सकाळी तू बोलली ना, सगळं बरं. मंग आता काय झालं? बोलली की नाही?"

"बोलले आजी. सकाळी चुकलं. माझं चुकलं. मला हाताला लागलं होतं, मी सांगितलं नाही."

यंत्राच्या पेटीतल्या स्पीकरमधून माईंचा आवाज आला. "ती काय विचारते? तिला सांग, चूक माझी. मी घाईत होते. मला नुसतं गुळगुळीत लागलं तेव्हाच मी विचारायला हवं होतं."

"नाही माई, माझी—"

"काय बोलते ती पेटी?" जुगलीबाईंनी विचारलं.

वळवी सिस्टरनी दोन वाक्यांत सांगितलं. जुगलीबाईंनी ईश्वरीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. "दोघी मंग वाटून घ्या चूक," त्या म्हणाल्या. "आता पोरीला उचला. दिलवर, बघत काय उभा राहिला, पाय धर!"

बाज तशीच उचलून बोटीवर चढवली. दिलवरदादाने इंजिन इतकं तापवलं की बोट हादरत होती. ईश्वरीने सलाईन लावलं, रमिलाला डाव्या कुशीवर ठेवलं, आणि सगळी वाट एक हात तिच्या पोटावरून काढला नाही. माईही गेल्या नाहीत. दुसऱ्या देशांतल्या बायांना त्यांनी दुसरीकडे पाठवलं आणि त्यांचा हात सरोवराकाठून तसाच ईश्वरीच्या हातात राहिला. त्याने आता काही केलं नाही, नुसता सोबतीला होता. ईश्वरीला त्या वाटेवर दुसरं काही नको होतं. धक्क्यावर रुग्णवाहिका उभी होती. रुग्णालयात वळवी सिस्टरच्या फोनवरून रक्ताची तयारी झाली होती, डॉक्टर दारातच होते.

मुलगी झाली. निळसर, लहानशी, पहिल्यांदा गप्पच. डॉक्टरांनी तिला चोळलं, तिच्या तोंडात हवा फुंकली, आणि मग ती जी रडली, ते बाहेरच्या बाकावर बसलेल्या जुगलीबाईंना ऐकू गेलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ईश्वरी मोजे न काढताच भिंतीशी खाली बसली. रमिलाला दोन पिशव्या रक्त चढलं आणि दुसऱ्या दिवशी तिने पेज मागितली.

*

महिन्याचे गुण लागले. ईश्वरी पहिल्या पानावरही नव्हती. तपासणी पुन्हा उघडली, गुरूचा हात अडवला, अडखळ सगळ्यांत जास्त. यंत्राच्या हिशेबी तिने त्या दिवशी करायचं नव्हतं ते सगळं केलं होतं. मलावीला काठमांडूची एक मुलगी जाणार होती.

माईंनी यंत्रवाल्यांना झाडलं. बैठकीत सगळ्या देशांतली माणसं ऐकत असताना त्या म्हणाल्या, "तुम्ही गुण देताय कशाला? सैल हाताला? सैल हात तर मेलेल्या माणसाचाही असतो." पुढे ती मोजणीची पद्धत बदलली, अडखळ हा दोष राहिला नाही. पण तोवर काठमांडूच्या मुलीचं तिकीट निघालं होतं, आणि ते रद्द करा असं म्हणायचं ना माईंच्या मनात आलं ना ईश्वरीच्या. ती मुलगी चांगलीच होती.

गुरुजींना सांगणं सगळ्यांत कठीण. ईश्वरीने फोनवर सगळं पहिल्यापासून सांगितलं, करंगळी, लाज, बोट, फळी, आणि गेलेली मलावी. पाटीची गोष्ट मात्र सांगितली नाही. ती सांगायची गरज पडली नाही. गुरुजी मास्तर होते, त्यांना शिकवण्यातलं कळत होतं.

ते म्हणाले, "मी तुझा हात फार धरून ठेवला का गं?"

"नाही बाबा. अक्षर छान झालं की."

"अक्षर झालं." त्यांनी घसा खाकरला. "त्या माईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, मी मुलीला हात जोडायला शिकवलं, पण अडवायला तुम्ही शिकवलंत. तुमचे उपकार आहेत माझ्यावर. आणि हे बघ, मी आता गल्लीत सांगणारे, माझी मुलगी नंदुरबारला असते. विचारू दे काय विचारायचं ते."

ईश्वरीने हा निरोप माईंना पोहोचवला. माई म्हणाल्या, गुरुजींना सांग, हात मुळात चांगला वळणाचा होता, नाहीतर मला काय अडवणार होता? मग त्या म्हणाल्या, "मुली, माझे गुडघे गेले तेव्हा मला वाटलं, आता आपलं संपलं. पडवीत बसून मरायचं. तू मला पुन्हा खाटेपाशी उभी केलीस. आणि चुकले तेव्हा सांगितलंस. इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मोठी होते ना." ईश्वरीचे आभाराचे शब्द मराठीतही तोकडे पडले असते, इंग्रजीत तर पडलेच.

*

रमिला घरी परतल्यावर काही आठवड्यांनी बोट पुन्हा केळीखेडीला लागली. जुगलीबाईंनी उडदाची डाळ आणि मक्याच्या भाकरी करून ठेवल्या होत्या आणि जेवल्याशिवाय कुणी पेटी उघडायची नाही असा दमही भरला होता. जेवणं झाली. रमिला मुलीला घेऊन बाजेवर बसली. मुलीने अंग धरलं होतं.

"मला एकदा लागू दे," माई म्हणाल्या. "मी तिची खोली चाचपली, तिला नाही."

ईश्वरीने मोजे घातले. हात चोळायला आता तिला सांगावं लागत नव्हतं. तिने तळहात मुलीच्या पाठीवर ठेवला, आणि सहा हजार किलोमीटर पलीकडे रबरी गादीत एक इवलीशी पाठ श्वास घेऊ लागली. स्पीकरमधून माईंनी नाक ओढल्याचा आवाज आला.

जुगलीबाई हे सगळं टक लावून पाहत होत्या. "ती बाई याच्यात आहे का?" त्यांनी मोज्याकडे बोट दाखवून विचारलं.

"आत नाही आजी. पण इथे धरलं की तिला तिकडे लागतं."

जुगलीबाईंनी लुगड्याला हात पुसले. ईश्वरीचा मोजा घातलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उचलून कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला. त्या पावरीत काहीतरी पुटपुटल्या. वळवी सिस्टरनीही त्याचं भाषांतर केलं नाही. मग पेटीतून हळू आवाज येऊ लागला, ओंजळ करून वाजवलेल्या टाळ्यांचा. थप, थप, थप. माईंच्या मुलखात उपकार मानायचे तर बाया अशाच, बसून, मान लववून टाळ्या वाजवतात. त्यांचे मोजे अजून हातात होते, म्हणून प्रत्येक टाळी ईश्वरीच्या तळहाताला लागत होती आणि तिच्या तळहातातून जुगलीबाईंच्या कपाळाला. दोन म्हाताऱ्या एकमेकींना उपकार पोहोचवत होत्या, आणि मध्ये ईश्वरी, वाट करून देणाऱ्यासारखी, उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. ते पुसायला मोज्याबाहेर एकही हात नव्हता.

टाळ्या थांबल्या. जुगलीबाईंनी हात कपाळावरून खाली घेतला, पण सोडला नाही. त्यांनी ईश्वरीच्या मनगटाचा पट्टा उलगडला. मोज्याची कड पकडून एकेक बोट सोडवत तो खाली ओढला, मोडणार नाही अशा बेताने बाजेवर ठेवला. आत ईश्वरीचा हात घामाने भिजलेला, पांढरा पडलेला, सुरकुतलेला होता.

"तिचं झालं," जुगलीबाई म्हणाल्या. "आता तुझा दे."